एसीच्या गॅसवर बंदी : पृथ्वीची गरज की कंपन्यांची?

पर्वतीपायथा

आईबाबांच्या खोलीतला एसी यंदा गार करेना म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने गेज लावलं आणि म्हणाला गॅस संपलाय, बावीस नंबर आहे, तो सरकारने बंद केलाय, भरून देतो पण महाग पडेल आणि पुढच्या वर्षी मिळेल याची गॅरंटी नाही, त्यापेक्षा नवीनच घेऊन टाका. एसी जुना आहे हे मान्य पण बाकी ठणठणीत आहे, कॉम्प्रेसरचा आवाजसुद्धा नाही.

यावरून घरी जेवताना जी जुंपली ती विचारू नका. दादाचं म्हणणं हा सगळा परदेशी कंपन्यांचा खेळ आहे, एका गॅसचं पेटंट संपलं की तो 'घातक' ठरतो आणि दुसरा गळ्यात मारतात, आणि आपलं सरकार जाऊन करारावर सही करून येतं. वहिनी पर्यावरणवाली, तिचं म्हणणं एसीच मुळात बंद करा. मला दोन्ही पटत नाही. या करारांमध्ये नक्की काय ठरलंय, आणि माझ्या चालू एसीवर बंदी आली आहे का, हे कोणी नीट सांगेल का? आणि तुमचं मत काय, आपण अशा करारात पडायला हवं होतं का?

टॉपअप

रुमाल टाकून ठेवतो. पुण्यात उकाडा, एसी आणि वहिनी एकाच धाग्यात, शंभरी नक्की.

मृण्मयी_बी

थोडक्यात सांगते. करार एक नाही, दोन टप्पे आहेत. पहिला माँट्रियल प्रोटोकॉल, १६ सप्टेंबर १९८७. तो ओझोनच्या थरासाठी. त्यात आधी फ्रिज-एसीतले जुने सीएफसी गॅस गेले, मग तुमचा बावीस नंबर, म्हणजे आर-२२, हळूहळू कमी करायचं ठरलं. भारत त्यात १९९२ ला सामील झाला. आपल्याकडे आर-२२ वापरून नवीन मशीन बनवणं २०२४ संपताना बंद झालं. पण जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी गॅस मिळतो, २०३० पर्यंत कमी कमी होत जाईल आणि त्यानंतरही दुरुस्तीपुरता थोडासा २०४० पर्यंत ठेवलाय. त्यामुळे तुमचा एसी बेकायदेशीर वगैरे अजिबात झालेला नाही.

दुसरा टप्पा किगालीचा. रवांडाची राजधानी, ऑक्टोबर २०१६. आर-२२ च्या जागी जे गॅस आले, आर-४१०ए आणि आर-३२, ते ओझोनला काही करत नाहीत पण उष्णता धरून ठेवतात. ४१०ए तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २०८८ पट. म्हणून ते कमी करायचे. भारताने हे २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मंजूर केलं.

उकाडा

झालं, २०८८ पट म्हटलं की सगळे घाबरतात. मला एक सांगा, ही उष्णता केली कुणी? अमेरिकेत शंभरातल्या नव्वद घरांत एसी आहे, आपल्याकडे सरकारच्याच २०१९ च्या कूलिंग प्लॅनमध्ये लिहिलं होतं की शंभरातल्या आठ घरांत. त्यातच, खोली गार करायला वर्षाला माणशी वीज जगात सरासरी २७२ युनिट, आपली ६९. त्यांनी सत्तर वर्षं भसाभस गॅस सोडला आणि आता आमच्या मध्यमवर्गाने कुठे हप्त्यावर दीड टनाचा एसी घेतला तर लगेच किगाली. शिवाजीनगरला एप्रिल २०१९ मध्ये ४३ होतं, लोहगावला तर दरवर्षी डोकं फिरतं. आधी तुम्ही बंद करा मग आम्हाला सांगा.

मृण्मयी_बी

@उकाडा, गंमत म्हणजे करारात नेमकं तेच आहे. श्रीमंत देशांची कपात २०१९ पासूनच सुरू, २०३६ पर्यंत त्यांना ८५ टक्के कमी करायचंय. चीनला २०२४ ला वापर गोठवायचा होता, म्हणजे त्यापुढे वाढवायचा नाही. आपण, पाकिस्तान, इराण, आखाती देश वेगळ्या गटात, आपल्याला २०२८ ला फक्त गोठवायचंय. मग २०३२ ला १० टक्के, २०३७ ला २०, २०४२ ला ३० आणि ८५ टक्के थेट २०४७ ला. बाकीच्या देशांनी तेव्हा नाकं मुरडली होती की भारताने जास्तच वेळ मागून घेतला.

अभ्यासू_कीडा

यात एक बारीक गोम आहे जी कुणी बोलत नाही. गोठवायचं म्हणजे कुठल्या आकड्यावर? २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांचा सरासरी वापर, त्यात जुन्या आर-२२ वगैरेच्या ठरलेल्या आकड्याचे ६५ टक्के मिळवायचे. म्हणजे या तीन वर्षांत जितका जास्त गॅस वापराल तितकी तुमची वरची मर्यादा वाढते. आता सांगा, एसीचा जीएसटी २८ वरून १८ वर आला सप्टेंबर २०२५ मध्ये, खप वाढला तर करारातलं आपलं माप उलट मोठं होतं. मी असं म्हणत नाही की मुद्दाम केलं, पण जगात जो तो हेच करतो.

उकाडा

बघा, मग मी काय वेगळं म्हणत होतो? सगळेच हिशेब करतायत. फक्त ग्राहकाने भावनेवर जगायचं.

चष्मिष

पेटंटची ती गोष्ट खरी आहे का? मीपण ऐकलीय, की सीएफसीचं पेटंट संपलं म्हणून अमेरिकन कंपनीने ओझोनचं भोक शोधून काढलं.

अभ्यासू_कीडा

ओझोनचं भोक कंपनीने नाही, अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं मोजमाप करत बसलेल्या तीन ब्रिटिश माणसांनी दाखवलं, १९८५ ला. त्याच्या आधी १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलं होतं की हे होणार, तेव्हा त्याच कंपन्यांनी त्यांची टर उडवली. पुढे १९९५ ला दोघांना नोबेल मिळालं. आणि फ्रिऑनची, म्हणजे त्याच सीएफसीची, मूळ पेटंटं १९३० च्या आसपासची, ती कधीच संपली होती. त्यामुळे दादाची थिअरी वेळेतच बसत नाही.

पण दादा पूर्ण चुकीचा नाहीये हां. गाड्यांच्या एसीत १३४ए च्या जागी जो १२३४वायएफ आलाय, त्याची पेटंटं दोन अमेरिकन कंपन्यांकडे होती आणि भावही तसाच. उलट उदाहरणही आहे, आर-३२ वापरायची स्वतःची बरीच पेटंटं एका जपानी कंपनीने विकसनशील देशांना २०११ मध्ये फुकट खुली केली. अर्थात त्यांना त्यांचे एसी खपवायचे होतेच. पण आपल्याकडे आज दुकानात गेलात की घरगुती एसी बहुतेक आर-३२ वरच दिसतो, त्यामागे हेही एक कारण.

टॉपअप

म्हणजे धर्मार्थ + स्वार्थ. पुण्यातल्या कुठल्याही ट्रस्टसारखं.

कॉपरपाइप

मी याच धंद्यात आहे, धायरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, चार पोरं हाताखाली. तुम्ही सगळे किगाली आणि टक्के यावर बोलताय, खाली काय होतं ते सांगतो.

एसी काढायचा असेल तर पद्धत अशी की आधी मशीन चालू ठेवून बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस आऊटडोअरमध्ये ओढला गेला की दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप डाऊन म्हणतात, आणि मग मशीन बंद करून पाइप सोडायचे. पाच-सात मिनिटांचं काम. पण मशीन चालत नसेल, किंवा भंगारात द्यायचं असेल तर काय? तर नट ढिला करायचा. फुस्स. संपला विषय. गच्चीवर उभं राहून गॅस वाऱ्यावर. गॅस परत भरून घ्यायचं मशीन असतं, रिकव्हरी मशीन, मी घेतलंय, पण पुण्यात किती जणांकडे असेल हो? आणि ज्याच्याकडे आहे तो ते तिसऱ्या मजल्यावर उचलून नेतो का? ग्राहक म्हणतो आधीच्याने दहा मिनिटांत केलं, तुम्हाला तासभर कशाला.

आणि @पर्वतीपायथा, गॅस 'संपत' नाही. एसी काही गॅस खात नाही, सीलबंद असतो. कमी झाला म्हणजे गळतोय. गळती न शोधता जो टॉपअप मारतो तो पुढच्या वर्षी परत येणार हे त्याला माहीत असतं. नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करा म्हणावं, साबणाचं पाणी लावून जॉइंट बघा म्हणावं. बऱ्याचदा इनडोअरच्या मागचा फ्लेअर नट असतो नाहीतर कॉइलला बारीक भोक पडलेलं असतं. ड्रेनेजच्या वासाने, म्हणजे नाल्याजवळच्या सोसायट्यांमध्ये, कॉइल लवकर खराब होतात हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

टॉपअप

मी आयडी बदलावा असं वाटायला लागलंय.

सिंहगडरोड_वैतागलेला

कॉपरपाइप साहेब, सगळे मेकॅनिक तुमच्यासारखे असते तर. माझ्याकडे एक जण आला, ऑनलाइन बुक केला होता, अ‍ॅपचं नाव घेत नाही. गेज न लावताच म्हणाला गॅस कमी आहे. अडीच हजार घेतले, बिलावर 'गॅस चार्जिंग', किती ग्रॅम ते कुठेच नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं तर माझ्याकडे असा बघितला की मी त्याची जात विचारली. पेट्रोल पंपावर आपण शून्य बघतो ना, मग इथे का नाही?

मृण्मयी_बी

ग्रॅमवरून आठवलं, हा हिशेब करून बघा. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो गॅस असतो. ४१०ए असेल आणि तो पूर्ण उडाला तर दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे ९०० लिटर पेट्रोल. लिटरला पंचेचाळीस देणारी गाडी धरली तर चाळीस हजार किलोमीटर. वाडेश्वरला कॉफीला गाडी न नेता चालत जाणारे आपण, आणि गच्चीवरचा तो एक नट.

उकाडा

आणि वीज? तुम्ही लोक गॅसच्या मागे लागता आणि वीज विसरता. तीन स्टारचा एसी वर्षाला हजारेक युनिट खातो असं त्या लेबलवरच असतं, तेही १६०० तास धरून. आपली वीज कोळशाची. युनिटला ७०० ग्रॅम धरा, वर्षाला सातशे किलो. दहा वर्षांत सात टन. गॅसचा बागुलबुवा कशाला?

मृण्मयी_बी

हिशेब बरोबर आहे, आणि आर-३२ साठी तर तुमचा मुद्दा जास्तच खरा ठरतो. तो ६७५ पट, एक किलोच्या आत भरतात, म्हणजे सगळा गळला तरी वर्षभराच्या विजेइतकं. पण म्हणून गळू द्यायचा का? वीज आज ना उद्या सौर होईल, हवेत गेलेला गॅस परत आणता येत नाही. किगाली पूर्ण पाळलं तर या शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळेल असा अंदाज आहे, एका करारातून एवढं दुसरीकडे कुठे मिळतं ते सांगा.

श्वासनलिका

अवांतर: दम्याचे पंपसुद्धा यात येतात बरं का. पूर्वी इन्हेलरमध्ये सीएफसी असायचा, मग १३४ए आला, तोच जो गाडीच्या एसीत असतो. पेशंट विचारतात पंपाने ओझोनला काय होतं, मी म्हणते आधी श्वास घ्या. पंप बंद करू नका कुणी, प्लीज. पावडरवाले इन्हेलर असतात, ज्यांना जमतात त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

डॅलसची_मनू

मूळची सहकारनगरची, आता टेक्सास. इथलं सांगते. १ जानेवारी २०२५ पासून घरासाठी नवीन बनवायच्या एसीत ४१०ए चालत नाही, ७०० पटीच्या खालचाच गॅस पाहिजे. कंपन्या ४५४बी वर गेल्या आणि मग २०२५ च्या उन्हाळ्यात त्या सिलिंडरचाच तुटवडा झाला, डीलर लोक रडत होते. गॅस मुद्दाम हवेत सोडणं इथे गुन्हा आहे, आणि गॅसला हात लावायला मेकॅनिकला परीक्षा पास व्हावी लागते. सगळे पाळतात असं नाही, पण निदान विचारता येतं की तुमचं सर्टिफिकेट दाखवा.

आणि @उकाडा, किगाली इथल्या सिनेटमध्ये २०२२ ला ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं. इथे हवामानाच्या नावाने दोन पक्षांची चहाला एकत्र जायची तयारी नसते, तरी हे झालं, कारण इथल्याच कारखानदारांना ते हवं होतं. तेव्हा दादांना सांगा, कंपन्यांचा फायदा आहेच, पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

आजोबा_गच्चीवर

मी ८१ वर्षांचा आहे. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात पंखासुद्धा लागत नसे. मातीच्या जाड भिंती, वर कौलं, चौकात पाणी शिंपडलेलं. तुम्ही काचेच्या इमारती बांधता आणि मग किगालीला जाता.

टॉपअप

आजोबा, ३० एप्रिल १८९७ ला पुण्यात ४३.३ नोंदलंय. तेव्हा तर तुमचे आजोबा वाड्यात होते.

आजोबा_गच्चीवर

होते. आणि ते दुपारी बाहेर पडत नसत. तुम्ही मीटिंगला जाता.

चष्मिष

😂 आजोबा जिंकले.

सिंहगडरोड_वैतागलेला

पण आजोबांच्या बोलण्यात दम आहे. माझा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत, रात्री अकराला हात लावला तरी भिंत गरम. गच्चीला पांढरा चुना मारून घेतला सोसायटीकडून, वर्षभर मागे लागून. फरक पडला, एसी आता पूर्ण रात्र चालवावा लागत नाही. बाणेर-खराडीतल्या काचेच्या इमारती बघितल्या की वाटतं, बिल्डरला कुठला करार लागू होतो?

अभ्यासू_कीडा

२०१९ च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये हे आहे, इमारती, छपरं, पंखे सगळं. २०३७-३८ पर्यंत गारव्याची गरजच २० ते २५ टक्के कमी करायची, एक लाख मेकॅनिकना ट्रेनिंग द्यायचं. कागद उत्तम आहे. २४ अंशांचं डिफॉल्ट सेटिंगही २०२० पासून आलं, ते आपण रिमोट हातात आला की लगेच १८ करतो ते वेगळं.

चष्मिष

१८ ला खोली लवकर गार होते ना पण.

कॉपरपाइप

नाही होत. साध्या मशीनचा कॉम्प्रेसर एकाच स्पीडने चालतो, तो फक्त थांबायचा कधी ते त्या आकड्यावरून ठरवतो. २४ वर ठेवा आणि पंखा एकवर लावा.

उकाडा

मेकॅनिकसाहेबांबद्दल आदर आहेच. पण करारांवर माझा विश्वास का नाही ते सांगतो. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा आणखी एक गॅस तयार होतो, तो तर उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पंधरा हजार पट. तो जाळून टाकला की कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण टाळल्याची विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळायचे, आणि ते युरोपात विकले जायचे. झालं काय, की काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यात जास्त कमाई व्हायला लागली, आपल्याकडे आणि चीनमध्येपण. शेवटी युरोपने २०१३ पासून ते क्रेडिट घेणं बंद केलं. हे आहेत तुमचे आंतरराष्ट्रीय करार. आणि सीएफसी-११ बंद झाल्यावरही २०१८ ला कळलं की हवेत तो कुणीतरी नव्याने सोडतंय, शोधत गेले तर पूर्व चीन.

मृण्मयी_बी

पहिली गोष्ट, ती क्रेडिटची भानगड क्योतोच्या हवामान करारातली, माँट्रियलची नाही. उलट किगालीच्या वेळीच भारताने आपल्या कारखान्यांना सांगितलं की एचएफसी-२३ स्वखर्चाने जाळा. आणि सीएफसी-११ चं तुम्हीच उत्तर दिलंत की. पकडलं कसं? हवा मोजणारी माणसं होती म्हणून. आणि पकडल्यावर ते कमीही झालं. ओझोन अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल असं २०२३ च्या अहवालात आहे. माँट्रियल हा जगातल्या प्रत्येक देशाने मान्य केलेला करार आहे. पॅरिसच्या हवामान करारासारखं नाही, की आज आत उद्या बाहेर.

उकाडा

ठीक आहे, मोजणाऱ्यांना मानलं. माझा मुद्दा एवढाच राहतो की मोजायला अंटार्क्टिकावर माणूस आहे, धायरीच्या गच्चीवर नाही.

कॉपरपाइप

हे मात्र लाख बोललात.

आणि दोष फक्त पोरांना देऊ नका. गावाकडून आलेला पोरगा, दहावी नापास, मोठ्या भावाबरोबर दोन सीझन फिरून शिकलेला. त्याला गेज, व्हॅक्युम पंप, वजनकाटा, रिकव्हरी मशीन हे सगळं घ्यायचं तर एका सीझनची कमाई जाते. आणि वाचवलेला गॅस आणून द्यायचा कुठे? शुद्ध करून परत विकायची सोय जवळपास नाही, माझ्याकडे सिलिंडर भरून पडलेत. भंगारवाला तांब्याचे पैसे देतो, गॅसचे कोण देतो? ज्या दिवशी परत आणलेल्या गॅसला किलोमागे दोनशे रुपये मिळतील त्या दिवशी एकही पोरगा नट ढिला करणार नाही, कायदा असो नसो.

सिंहगडरोड_वैतागलेला

+१. बाटलीचं डिपॉझिट असतं तसं.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार, एवढी चर्चा होईल वाटलं नव्हतं. दुसरा मेकॅनिक बोलावला, त्याला सांगितलं आधी गळती शोध. आऊटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी नट सैल होता, साबणाच्या पाण्याने फुगे दिसले. नट बदलून, व्हॅक्युम करून गॅस भरला. दादा म्हणतो बघ, बंदीबिंदी काही नव्हती. वहिनी म्हणते नवीन घ्याल तेव्हा प्रोपेनवाला घ्या.

एकच शंका, पहिल्या मेकॅनिकने जाताना सुचवलं होतं की बावीसच्या जागी 'एचसी' गॅस भरून देतो, स्वस्त पडतो आणि थंडावाही जास्त. ते काय प्रकरण आहे?

कॉपरपाइप

चुकूनही भरू नका. तो जळणारा गॅस असतो, प्रोपेनच्या जातीचा. तुमच्या मशीनचे स्विच, वायरिंग, जॉइंट त्यासाठी बनवलेले नाहीत. ३२ नंबरही त्यात चालत नाही, प्रेशर खूप जास्त असतं आणि ऑइल वेगळं लागतं. बावीसच्या मशीनमध्ये बावीसच.

डॅलसची_मनू

पण मग प्रोपेनवाले एसी विकतातच ना? शिरवळला कारखाना आहे की.

अभ्यासू_कीडा

हो, गोदरेजचे. २०१२ च्या सुमारास आणले, आर-२९०. उष्णता धरण्याच्या बाबतीत जवळजवळ शून्य, पेटंटची कटकट नाही. दादा आणि वहिनी दोघांचं समाधान करणारा हा एकच गॅस आहे खरं तर. फक्त पेट घेतो 🙂

चष्मिष

माझी बेडरूम दहा बाय दहा आहे, त्यात चालेल का प्रोपेनवाला? आई म्हणते घरात एक सिलिंडर पुरे.

कॉपरपाइप

मशीन मुळातच त्याच्यासाठी बनवलेलं असतं, आणि गॅस तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये चौदा किलो असतो हे आईंना सांगा. पण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून मॅन्युअलमध्ये खोली कमीत कमी केवढी पाहिजे आणि इनडोअर किती उंचीवर लावायचा ते दिलेलं असतं, ते मापून घ्या. दहा बाय दहाला एक टनाच्या वर घेऊ नका. फिटिंग आणि सर्व्हिसिंग कंपनीच्याच ट्रेनिंग झालेल्या माणसाकडून. बाहेरच्या कुणालाही हात लावू देऊ नका, मला बोलावलंत तर मीपण नाहीच म्हणणार.